गळणारा शॉकअप आणि रॉडवरची रेघ : वाचकांचे प्रश्न

दुचाकीच्या देखभालीविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरातून उत्तरे दिली जातात. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे मागच्या शॉकअपविषयी असल्यामुळे त्यांतील चार एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न (उदगीर, जि. लातूर) : माझ्याकडे २०१९ सालची ४११ सीसीची रॉयल एनफिल्ड हिमालयन आहे. चार वर्षांपूर्वी मी तिचा मूळ मोनोशॉक (मागचा एकच मधला शॉकअप) काढून परदेशी बनावटीचा, गॅसची वेगळी डबी असलेला आणि सेटिंग बदलण्यासाठी फिरवण्याचे स्क्रू असलेला शॉकअप बसवला. त्यावर सुमारे ३८,००० किलोमीटर झाले आहेत. यंदाच्या उन्हाळ्यापासून त्याच्या रॉडवर तेल दिसू लागले. लातूरहून परतताना नळेगावपर्यंत गाडी ठीक चालते, पण त्यापुढे खराब रस्ता लागला की ती मागून तरंगल्यासारखी वाटते. एका गॅरेजमध्ये ‘हा टाकून द्या, याचे काही होत नाही’ असे सांगण्यात आले, तर दुसऱ्या ठिकाणी ‘सील बदलून जॅकचे ऑइल भरून देतो, दीड तासाचे काम आहे’ असे. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : आपल्याला मिळालेले दोन्ही सल्ले बाहेर आलेल्या तेलाकडे पाहून दिलेले आहेत. शॉकअप ठेवायचा की टाकायचा, आणि ठेवायचा तर खर्च किती येईल, हे मात्र मुख्यतः तेल आत अडवून धरणाऱ्या त्या रबरी सीलमधून आत-बाहेर करणाऱ्या रॉडवरून ठरते. म्हणून आधी रॉड पाहावा आणि मग सीलचे बोलावे.

त्याही आधी तो शॉकअप उघडता येण्याजोगा आहे याची खात्री करून घ्यावी. वेगळी डबी आणि स्क्रू असणे हा त्याचा पक्का पुरावा नव्हे. नळीच्या तोंडाशी सर्क्लिप (खाचेत बसणारी कडी) किंवा पान्याने फिरवता येईल असे झाकण असावे, डबीवर गॅस भरण्याचा व्हॉल्व्ह असावा आणि अंगावर क्रमांक कोरलेला असावा. त्या क्रमांकावरूनच कंपनीचे सील किट मागवता येते. तेव्हा शॉकअप ओल्या फडक्याने पुसून क्रमांक वाचावा आणि त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण दुरुस्ती करणाऱ्याशी आपले बोलणे तेथूनच सुरू होणार आहे.

आता तरंगण्याविषयी. गाडीचे वजन पेलते ती स्प्रिंग, पण दाबलेली स्प्रिंग तितक्याच जोराने परत उसळते आणि तिला आवरणारे कोणी नसेल तर एका खड्ड्यानंतर गाडी तीन-चार हेलकावे खाते. हे आवरण्याचे काम तेल करते. रॉडच्या टोकाला बसवलेला पिस्टन तेलातून सरकतो, पिस्टनच्या भोकांवर पातळ पोलादी वॉशरची चळत बसवलेली असते आणि तेलाला ती चळत वाकवूनच पलीकडे जावे लागते. या ओढाताणीत उसळीची शक्ती उष्णतेत बदलते, म्हणूनच खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप हाताला गरम लागतो. पिस्टन वेगाने सरकला की त्याच्या मागच्या बाजूला दाब एकदम उतरतो, तेथे बुडबुडे तयार होतात, आणि फेसाळलेल्या तेलातून पिस्टन ताकातून रवी फिरावी तसा विनासायास फिरतो. हे टाळण्यासाठी तेलावर सतत दाब ठेवावा लागतो आणि तो दाब नायट्रोजन वायूचा असतो. वायू आणि तेल एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मधे सरकता पिस्टन किंवा रबरी पिशवी ठेवलेली असते. फ्रेंच अभियंते द कार्बन यांनी १९५०च्या दशकात पुढे आणलेली ही रचना आज चांगल्या शॉकअपमध्ये सर्रास आढळते. आपली गाडी सुरुवातीला ठीक चालून काही किलोमीटरनंतर तरंगू लागते, याचा अर्थ तेल कमी झाल्याने आणि गॅसचा दाब उतरल्याने ते गरम होताच फेसाळते आहे. म्हणजे बिघाड केवळ गळतीपुरता राहिलेला नाही, आणि याच स्थितीत गाडी डबलसीट चालवणे थांबवावे.

आता रॉडकडे येतो. रॉडवर हार्ड क्रोमचा थर असतो आणि तो आरशासारखा गुळगुळीत असल्यामुळेच रबराचे सील त्यावर हजारो किलोमीटर टिकते. गाडी डबल स्टँडवर घ्यावी, म्हणजे मागचे चाक लोंबकळून रॉड जास्तीत जास्त बाहेर येईल. मग तो स्वच्छ पुसून नखाची कड उभी-आडवी फिरवावी. नखाला अडखळ लागली तर तेथे ओरखडा किंवा खड्डा आहे असे समजावे. आपल्याकडच्या रॉडवर गंजापेक्षा ओरखडेच अधिक दिसतात, आणि त्याचे कारण आपली काळी माती आहे. ओली असताना ती रॉडला लेपासारखी चिकटते, वाळली की सिमेंटसारखी घट्ट होते, आणि नंतरच्या प्रत्येक दणक्यात तिचे बारीक कण सीलच्या धूळ अडवणाऱ्या वरच्या ओठाखाली ओढले जातात. मडगार्डच्या आतून उडणारी गिट्टी रॉडवर टोच्या मारते ती वेगळीच.

ओरखडा कोठे आहे यालाही महत्त्व आहे. रॉडच्या अगदी तळाशी, जेथे सील क्वचितच पोहोचते, तेथील टोचा चालवून घेता येतो, पण रोजच्या चालण्यात सील जेथे घासते त्या पट्ट्यातली केसाएवढी रेघसुद्धा नवीन सीलचा ओठ कापते. मी हे काम शिकत असताना एका शॉकअपचे सील रॉड न पाहता बदलले होते. मालक महिन्याभराने परत आले, एका शब्दानेही बोलले नाहीत, गाडी साइड स्टँडवर लावली आणि रॉडभोवती जमलेले धुळीचे तेलकट कडे फक्त बोटाने दाखवले. तेव्हापासून स्प्रिंग उतरवल्यावर माझे पहिले काम रॉड उजेडात धरण्याचे असते.

रॉड खराब निघाला तर तीन वाटा आहेत. कंपनीचा नवा रॉड मिळाला तर तो सर्वांत निर्धास्त उपाय. तो मिळत नसेल तर जुना क्रोम काढून नव्याने हार्ड क्रोम चढवून घेता येतो, परंतु क्रोम चढवणे हे अर्धेच काम आहे. चढवलेला थर ग्राइंडिंग करून रॉड पुन्हा मूळ मापात, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत नेमका आणि पूर्ण गोल आणावा लागतो, नाहीतर सील एका बाजूने घट्ट आणि दुसऱ्या बाजूने सैल बसते. औद्योगिक वसाहतींतून हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड करून देणारे कारागीर असतात. त्यांच्याकडे काम देताना जुन्या रॉडच्या न झिजलेल्या भागाचे मायक्रोमीटरने घेतलेले माप लिहून द्यावे. तिसरी वाट, म्हणजे पॉलिश पेपर मारून रेघ ‘घालवणे’, ही वाट नव्हेच. टोच्याची वर आलेली कड बारीक तेलदगडाने बसवणे योग्य आहे, पण खड्डा भरून काढण्यासाठी भोवतीचा सगळा क्रोम घासून टाकणे म्हणजे एका गळतीऐवजी दुसरी विकत घेणे.

जॅकच्या ऑइलविषयी स्पष्ट सांगतो, ते भरू देऊ नका. बाजारात मिळणारे साधे हायड्रॉलिक तेल पुष्कळदा ३२ क्रमांकाचे असते, म्हणजे ४० अंश सेल्सिअसला त्याची घनता नव्हे तर चिकटपणा ३२ सेंटिस्टोक्स असतो. शॉकअपसाठीची तेले त्याहून बरीच पातळ, साधारण निम्म्याच्या आसपासची असतात, आणि आतील वॉशरची चळत त्याच पातळ तेलाच्या हिशेबाने रचलेली असते. जाड तेल भरले की गाडी पहिल्या दिवशी ‘टाइट’ झाल्यासारखी वाटते आणि मालक खूश होतो, परंतु लागोपाठच्या खड्ड्यांवर रॉडला पूर्ण परत येण्यास वेळच मिळत नाही आणि शॉकअप दणक्यागणिक आखडत जातो. शिवाय साधे तेल तापले की त्याचा चिकटपणा झपाट्याने उतरतो, आणि मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या दुपारी तापलेल्या इंजिनाच्या मागे बसलेल्या शॉकअपच्या आत काय होत असेल याची कल्पना करावी. पुढच्या फोर्कचे तेलही येथे चालत नाही. डब्यावरच्या ५ किंवा १० या आकड्यांवर विसंबू नये, कारण एका कंपनीचे ५ आणि दुसऱ्या कंपनीचे ५ यांचा चिकटपणा सारखा असेलच असे नाही. ४० अंशांवरील सेंटिस्टोक्सचा आकडा जुळवावा.

दीड तासाच्या आश्वासनात आणखी एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे तेलातली हवा काढणे. तेल ओतून झाकण लावले की काम झाले असे नसते. पिस्टनच्या भोकांत, चळतीखाली, डबीकडे जाणाऱ्या वाटेत हवा अडकून राहते. ती रॉड अगदी सावकाश खाली-वर करत, थांबत, पुन्हा करत काढावी लागते किंवा हवा शोषून तेल भरणाऱ्या यंत्राने. हाताने केलेले कामही उत्तम होते, परंतु त्याला संयम लागतो. सरकता पिस्टन नेमक्या कोणत्या खोलीवर बसवायचा याचेही कंपनीने दिलेले माप असते, आणि ते चुकले तर पूर्ण दणक्याला तेलाला जागा उरत नाही.

हे सर्व करू शकणारी जागा शोधताना ‘शॉकअप करता का’ असे विचारू नये, कारण त्याला सगळेच होकार देतात. नायट्रोजनचे सिलिंडर आणि रेग्युलेटर आपल्याकडेच आहे का, या क्रमांकाचे किट कोठून मागवणार, तेल कोणते भरणार, उघडल्यावर रॉडचा फोटो पाठवून मगच पुढचे काम करणार का, आणि बदललेले जुने भाग परत देणार का, एवढे विचारावे. उत्तर देताना जो रॉडचा विषय स्वतःहून काढतो त्याच्याकडे काम द्यायला हरकत नाही. आपल्याला उदगीरहून पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ पडते, हेही ध्यानात घ्यावे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत दुचाकींचे शॉकअप बनवणारे कारखाने असल्यामुळे ‘आमचे साडू कंपनीत आहेत, ते करून आणतील’ असे आश्वासन आपल्या भागात नेहमी मिळते. पण एकाच मापाचे नवे नग साच्यातून काढावेत तसे तयार करणारी उत्पादनाची साखळी वेगळी आणि झिजलेला एक नग उघडून मोजणारे बाक वेगळे.

शॉकअप उतरवण्याआधी प्रत्येक स्क्रू हलक्या हाताने घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद होईपर्यंत फिरवून किती टिचक्या (फिरताना जाणवणारे ‘टिक’) लागल्या ते लिहावे, स्प्रिंग दाबणाऱ्या रिंगपासून आटे संपतात तेथपर्यंतचे अंतर मोजावे आणि डबी कोणत्या बाजूला होती याचा फोटो काढावा. आपल्या गाडीला डबल स्टँड आहे ही मोठी सोय आहे, मात्र बोल्ट काढताच मागचा चिमटा (चाक धरणारा दांडा) चाकासह खाली येतो, म्हणून चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवावा. ज्यांच्या गाडीला डबल स्टँड नाही त्यांनी चिमट्याखाली लावायच्या स्टँडवर ती उभी करून शॉकअप काढू नये. तो स्टँड चिमट्याला धरतो, गाडीला नाही, आणि शॉकअप निघताच गाडी बसते. गॅस स्वतः सोडू नये आणि स्प्रिंग उतरवण्याच्या फंदात पडू नये. हवाई वाहतुकीत दाबाखालचा वायू असलेली वस्तू धोकादायक मालात गणली जाऊ शकते, त्यामुळे पार्सल ट्रॅव्हल्सने किंवा रस्त्याने जाणाऱ्या कुरिअरने पाठवावे. मूळ शॉकअप जपून ठेवला असेल तर तोवर तो बसवावा. याच वेळी खालच्या लिंकेजचे, म्हणजे शॉकअपला चिमट्याशी जोडणाऱ्या सांध्यांचे, बेअरिंग हाताने फिरवून पाहावे आणि ग्रीस भरावे, कारण कोरडे पडलेले लिंकेज अगदी बिघडलेल्या शॉकअपसारखेच वागते आणि ते शॉकअप बसलेला असताना कळत नाही.

काम होऊन आल्यावर एक सूक्ष्म चूक बहुतेकांकडून होते. लिहून ठेवलेल्या टिचक्या जशाच्या तशा लावल्या जातात. ती सेटिंग आजारी शॉकअपची असते. तेल पातळ होत गेले तसतसा आपण परतीचा (रॉडची उसळी आवरणारा) स्क्रू नकळत एकेक टिचकी आवळत आलेला असतो. म्हणून कंपनीने सांगितलेल्या मूळ सेटिंगपासून सुरुवात करावी आणि जुनी नोंद केवळ तुलनेसाठी ठेवावी. त्यानंतर दब मोजावा, ज्याला सॅग म्हणतात. चाक लोंबकळत असताना आसापासून सीटखालच्या एका ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे, आणि आपण नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेट घालून, दोन्ही पाय पायदानावर ठेवून बसल्यावर दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा घ्यावे. या गाडीच्या मागच्या चाकाचा एकूण प्रवास १८० मिलिमीटर आहे, आणि रस्त्यावरच्या वापरासाठी त्याच्या सुमारे तीस टक्के, म्हणजे ५४ मिलिमीटरच्या आसपास फरक यावा. पाच-सात मिलिमीटर इकडे-तिकडे झाल्याने बिघडत नाही.

टाकून द्यावा का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की रॉड चांगला असेल तर मुळीच टाकू नये. रॉड गेलेला असेल आणि एकूण अंदाज त्याच जातीच्या नव्या शॉकअपच्या निम्म्या किमतीच्या वर जात असेल, तर नव्याचा विचार करावा. अशा शॉकअपला वीस ते तीस हजार किलोमीटरला किंवा दोन-तीन वर्षांनी एकदा उघडण्याची सवय ठेवणे रास्त मानले जाते, त्या मानाने आपला अडतीस हजार चालला, म्हणजे त्याने आपले देणे फेडले आहे.

प्रश्न (परभणी) : माझ्या गाडीला मागे गॅसच्या डबीचे दोन शॉकअप आहेत. डावा गळतो, उजवा कोरडा आहे. डाव्याचीच दुरुस्ती केली तर चालेल का? एक लेथवाले तो कापून, सील घालून, परत वेल्डिंग करून देण्यास तयार आहेत.

उत्तर : दोन्ही एकदमच करावेत. एका बाजूला ताजे तेल आणि पूर्ण दाब, दुसऱ्या बाजूला थकलेले तेल, अशा स्थितीत चिमट्यावर दर दणक्याला पीळ बसतो आणि वळणावर गाडी हलकेच मुरकते. उजवा कोरडा असला तरी त्याचेही वय डाव्याएवढेच आहे.

कापून वेल्डिंग करण्यास मात्र साफ नकार द्यावा. ज्या शॉकअपच्या नळीची कड कारखान्यातच आत वळवून बंद केलेली असते ते उघडण्यासाठी बनवलेले नसतात. वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ नळी वाकते आणि शेजारचे नवे सील जळते, आणि आत गॅसचा दाब शिल्लक असताना करवत लावणे हा जिवाशी खेळ आहे. आपले शॉकअप या प्रकारचे असतील तर नवी जोडी घ्यावी.

प्रश्न (वसमत, जि. हिंगोली) : शॉकअपचा गॅस उतरला आहे असे सांगण्यात आले. आमच्याकडे टायरमध्ये नायट्रोजन भरणारे दुकान आहे. तेथे भरून घेता येईल का? नाही तर साध्या कॉम्प्रेसरची हवा का चालू नये? हवेतही बहुतांश नायट्रोजनच असतो असे वाचले आहे.

उत्तर : हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो हे आपले म्हणणे बरोबर आहे. अडचण उरलेल्या भागाची आहे. कॉम्प्रेसरच्या हवेत पाण्याची वाफ असते, ती आत थंड होऊन पाणी बनते, आणि ऑक्सिजन गरम तेलाला व रबराला खराब करतो. पाण्याची वाफ तापमानाबरोबर दाबही फार बदलते, म्हणून सकाळचा शॉकअप आणि दुपारचा शॉकअप वेगळा वागू लागतो.

टायरच्या दुकानातला वायू पुष्कळ कोरडा असतो, पण दाब पुरत नाही. टायरला दोन-अडीच बार (बार हे दाबाचे माप) लागतात, तर शॉकअपला त्याच्या रचनेनुसार साधारण दहा ते वीस बार. हा दाब किती असतो याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतो. १४ मिलिमीटर जाडीच्या रॉडचे तोंड सुमारे दीड चौरस सेंटिमीटर भरते, त्यावर दहा बार दाब असेल तर रॉडला बाहेर ढकलणारा जोर साधारण पंधरा किलोंइतका होतो. स्प्रिंग काढून टाकल्यावर हाताने दाबलेला रॉड आपोआप, सावकाश आणि एकसारखा बाहेर येतो तो याच जोरामुळे. तो जेथे सोडला तेथेच राहिला तर गॅस गेला आहे असे समजावे, मग बाहेर तेलाचा थेंबही नसला तरी.

आता दोन सावधानता. पहिली प्राणाशी संबंधित आहे. नायट्रोजन मिळाला नाही म्हणून वेल्डिंगच्या दुकानातून ‘गॅस’ भरून घेण्याचा विचार मनातही आणू नये. तेथे असतो तो बहुधा ऑक्सिजन. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगी नसतानाही स्फोट होऊ शकतो. सिलिंडरचा रंग पाहून खात्री करून घेतली असे कोणी सांगितले तरी विश्वास ठेवू नये, रंग उडालेली आणि पुन्हा रंगवलेली सिलिंडरे आपल्याकडे कमी नाहीत. त्यावरचे अक्षर आणि पुरवठादाराची पावती पाहावी.

दुसरी सावधानता साधी आहे, पण तिच्यामुळे चांगले शॉकअप बिघडतात. डबीतला वायू जेमतेम चहाच्या कपात मावेल एवढ्या जागेत असतो. त्यावर टायरचा गेज टेकवला की गेजच्या नळीत शिरलेल्या वायूमुळेच दाब लक्षणीय उतरतो. म्हणजे ‘दाब पाहू या’ म्हणून केलेली तपासणी हेच गॅस उतरण्याचे कारण होते. दाब पाहायचा तर तो भरण्याची सोय हाताशी असतानाच.

प्रश्न (आष्टी, जि. बीड) : मी रोज दुधाचे ४० लिटरचे दोन कॅन गाडीच्या मागे अडकवून डेअरीवर नेतो. गाडी मागून बसते, म्हणून बाहेरून जास्त दराचे शॉकअप घेऊन स्प्रिंग शेवटच्या खाचेपर्यंत टाइट केली. आता भरलेली गाडी जरा बरी चालते, पण रिकामी परतताना पाठीला दणके बसतात, आणि आठ महिन्यांत दोन्हींचे सील गेले. दुरुस्त करून आणल्यावर पुन्हा तेच होईल का?

उत्तर : होईल, कारण दोष सीलचा नाही.

स्प्रिंग ‘टाइट’ केली की ती कडक होते ही समजूत इतकी खोल रुजलेली आहे की ती दूर करण्यासाठी मला दर वर्षी एक तरी पत्र खर्च करावे लागते. खाच फिरवल्याने स्प्रिंगचा स्वभाव बदलत नाही. तिला एक मिलिमीटर दाबायला जेवढे वजन आधी लागत होते तेवढेच नंतरही लागते, ती फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते. त्यामुळे गाडीची मागची उंची वाढते, एवढेच. कडकपणा तारेच्या जाडीवर अवलंबून असतो आणि तोही चौथ्या घाताने. बाकी सर्व तसेच ठेवून दहा मिलिमीटरच्या तारेऐवजी अकरा मिलिमीटरची तार घेतली तर स्प्रिंग सुमारे ४६ टक्क्यांनी कडक होते. डोळ्याला न दिसणारा हा एक मिलिमीटर आपल्या शेवटच्या खाचेपेक्षा कितीतरी अधिक काम करतो.

आपल्या ओझ्याचा हिशेब पाहू. एका कॅनमध्ये सुमारे ४१ किलो दूध, दोन कॅनचे ८२ किलो, वर कॅनचे स्वतःचे वजन आणि लोखंडी चौकट. म्हणजे एक धडधाकट माणूस मागे बसला, पण तो सीटवर नाही, तर आसाच्याही मागे लटकला आहे. त्यामुळे मागच्या चाकावर त्याचा भार त्याच्या वजनापेक्षाही जास्त पडतो आणि पुढचे चाक हलके होते. भरलेल्या गाडीत शॉकअप त्याच्या प्रवासाच्या तळाशी चालतो, रबरी ठोकळ्यावर आपटतो आणि सीलला रोज तो दणका सोसावा लागतो. रिकामी परतताना तीच आधीच दाबलेली स्प्रिंग गाडीला वरच्या टोकाला नेऊन ठेवते, तेथून चाकाला खड्ड्यात उतरायला जागाच उरत नाही. आपल्याला बसणारे दणके तेच.

उपाय दोन भागांत आहे. शॉकअप उघडला जाईल तेव्हा ओझ्याच्या हिशेबाची कडक स्प्रिंग मागावी, आणि त्याच वेळी परतीची चळत, म्हणजे उसळी आवरणारी पिस्टनवरची वॉशरची चळत, तिच्या बरोबरीने घट्ट करून घ्यावी. केवळ स्प्रिंग बदलली तर कडक स्प्रिंगची उसळी जुन्या चळतीला आवरणार नाही आणि भरलेले कॅन प्रत्येक गतिरोधकावर उडतील. दुरुस्ती करणाऱ्याला ‘कडक करा’ असे मोघम न सांगता स्वतःचे वजन, भरलेल्या कॅनचे वजन, आणि दिवसातून किती अंतर भरलेले व किती रिकामे जाता, हे कागदावर लिहून द्यावे. भरलेला प्रवास जास्त असेल तर त्याच्या बाजूने झुकते माप घ्यावे लागेल आणि रिकाम्या फेरीत थोडा कडकपणा सोसावा लागेल. दोन्ही फेऱ्या मऊ करणारा शॉकअप या किमतीत मिळत नाही.

दुसरा भाग शॉकअपचा नाहीच. कॅनची चौकट कापून चार बोटे पुढे घेता आली आणि कॅन आसाच्या शक्य तितक्या जवळ आले, तर आपल्या निम्म्या तक्रारी एकाही नव्या भागाशिवाय कमी होतील. गावातल्या वेल्डरला हे काम एका दुपारचे आहे. ते आधी करून घ्यावे, त्यानंतर भरलेल्या गाडीवर दब मोजावा आणि तो आकडा घेऊन मगच स्प्रिंग मागवावी. आधी स्प्रिंग मागवली तर ती चौकट हलवल्यावर पुन्हा चुकीची ठरेल.

धुण्याविषयी आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. वॉशिंग सेंटरवरचा दाबाचा फवारा रॉड आणि सील यांच्या सांध्यावर कधीही रोखू नये, तो मातीला आत ढकलतो. चिखल वाळण्याआधी बादलीभर पाणी हाताने ओतावे आणि मऊ फडक्याने रॉड पुसावा. दुधाच्या फेरीनंतर कॅन धुताना हेही दोन मिनिटांत होते. शॉकअप नवीन सीलसह बसवल्यानंतर पहिल्या शंभर किलोमीटरला आणि पुन्हा पाचशेला रॉडवर पांढरा टिश्यू कागद फिरवून पाहावा. कागदावर पुसट ओलसरपणा आला तर तो सीलच्या ओठाला लागणारा थर आहे, तेवढा असायलाच हवा. कागद भिजला किंवा रॉडच्या बुडाशी धुळीचे कडे जमले तर गाडी त्याच आठवड्यात परत न्यावी.